रिकामे कपाळ

"...मग नारळ फोडायला हरकत कसली, माई?"

चिदंबराने हे विचारले, तेव्हा धुनीपाशी सारी सिद्धता झाली होती. फुलांची परडी होती, उदबत्ती होती, शेंडीचा नारळ होता. दत्तजयंतीच्या मंगल दिवशी त्याच्या कामाचा मुहूर्त व्हायचा होता. मठाच्या गुरू माई मात्र शांतपणे धुनीतली राख वस्त्रगाळ करीत बसल्या होत्या.

काम लहान नव्हते. मठाचे सर्व्हर चार: अन्नछत्राचा, पाठशाळेचा, दवाखान्याचा आणि पोथीशाळेचा. प्रत्येक सेवेकऱ्याची चार ठिकाणी चार खाती, चार पासवर्ड. कुणी एक विसरे, कुणी चारही. चिदंबराने चातुर्मासभर खपून प्रत्येकाचा एकच पासवर्ड ठरवला आणि तो चारही ठिकाणी नेऊन ठेवला. मठात त्याला कौतुकाने 'सर्व्हरशास्त्री' म्हणत. त्याला ती पदवी मनापासून पटली होती.

"पुन्हा सांग बरं," माई म्हणाल्या. "आपल्या अंबूताईचा पासवर्ड कुठे ठेवलास?"

"चारही सर्व्हरांवर. कुठल्याही दारानं याव्यात, दार त्यांना ओळखणारच!"

"आणि दवाखान्यातला सर्व्हर कुणी काखोटीला मारून नेला तर?"

"त्या खोलीला कुलूप आहे, माई."

"नेला तर?"

"... मग चारही घरं उघडी. पण मठात असं कोण करणार?"

माई हसल्या. पदराचे टोक कमंडलूत भिजवले आणि चिदंबराच्या कपाळावरचा अंगारा अलगद पुसून टाकला.

"जेवून ये. मग नारळाचं बघू."

त्या मठाची रीत जुनी होती. पहाटे स्नान करून धुनीपाशी यावे, माईंनी दिलेला आपला मंत्र त्यांच्या कानात म्हणावा आणि त्यांच्या हातून अंगारा लावून घ्यावा. एकाचा मंत्र दुसऱ्यास ठाऊक नसे. मग दिवसभर मठाच्या कोणत्याही दारात एकच प्रश्न विचारला जाई, "कुणाचा?" आणि उत्तर कपाळ देई.

अन्नछत्राच्या दारात अंबूताई उभ्या होत्या. आतून आमटीचा खमंग वास येत होता.

"कुणाचा?"

"अहो अंबूताई, मी! चिदंबर!"

"ते दिसतंय रे मला. कपाळ दाखव."

"... माईंनीच पुसलं."

"मग माईंनाच विचार."

"लहानपणापासून ओळखता ना मला? तुमच्याच हातची खीर खाऊन वाढलो!"

"मी ओळखते, बाळा. दार नाही ओळखत."

चिदंबराने इकडेतिकडे पाहिले. मागच्या अंगाला चूल होती. तो हळूच तिकडे सरकला, चिमूटभर राख कपाळाला फासली आणि साळसूदपणे परत आला. अंबूताईंनी नाक जवळ नेले.

"चुलीची आहे. माईंच्या अंगाऱ्याला कापराचा वास असतो, शास्त्रीबुवा!"

पंगत खदखदून हसली. आत बुंदीचे लाडू वाढायला आले होते. चिदंबराचा धीर सुटला.

"बरं, माईंनी दिलेला माझा मंत्रच म्हणून दाखवतो. मग तर पटेल?"

अंबूताईंनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले.

"दत्त दत्त! मला कशाला सांगतोस? आज मी ऐकला, तर उद्या पहाटे तो माईंच्या कानात म्हणून तुझ्या वाटचा लाडू मीच खाईन!"

पंगत पुन्हा हसली. चिदंबरही हसू लागला... आणि हसता हसता थबकला.

कानांवर हात ठेवलेल्या अंबूताईंकडे तो पाहतच राहिला. मग एकाएकी वळला आणि धोतर सावरीत धुनीकडे धावत सुटला.

"माई! मंत्र एकट्या धुनीपाशी! बाकीच्या दारांनी नुसतं कपाळ बघायचं! पासवर्डही असाच एका जागी हवा, सर्व्हरांनी फक्त तिथली खूण बघायची!"

माई राख गाळीतच होत्या. त्यांनी कान पुढे केला. चिदंबराने मंत्र म्हटला. माईंनी अंगारा त्याच्या कपाळी लावला.

"आता नारळ राहू द्या, माई. आधी चारही ठिकाणचे पासवर्ड पुसून येतो. मुहूर्त पुढे कधीतरी करू."

"वेड्या, पुसण्याचाच तर मुहूर्त होता!"

आणि माईंनी नारळ उचलून एका घावात फोडला. गोड पाणी चिदंबराच्या ओंजळीत उतरले. त्याने ते घेतले, डोळ्यांना लावले, मग तो ते प्याला आणि ओल्या हातांनीच पोथीशाळेच्या सर्व्हरकडे निघाला.

"कुठे चाललास?"

"पासवर्ड पुसायला, माई!"

माईंनी अन्नछत्राकडे बोट दाखवले.

"आधी जेवून घे, शास्त्रीबुवा. कपाळाला घाम आला, की तू पुन्हा कुणाचाच नाहीस."