हैबती काचाऱ्याची भट्टी

फार फार वर्षांपूर्वी, बांगड्या आमच्या आसरवाडीतच घडायच्या, तेव्हाची ही गोष्ट. भट्टी होती हैबती काचाऱ्याची. देवीसाठी काचेचा दिवा करायचं गावानं ठरवलं आणि सवाष्णींनी आपापल्या फुटक्या बांगड्या त्याच्याकडे आणून टाकल्या.

सगळ्यांत शेवटी आली चंद्राऊ. नवरा गेला तेव्हा फोडलेला हिरवा चुडा तिनं फडक्यात जपून ठेवला होता. "माझा चालंल का, दादा?" तिनं विचारलं.

"टाक बाई," हैबती म्हणाला. "इस्तवात गेल्यावर कुणाची कंची, हे मलाबी कळत न्हाई."

अशी काच दोनदा भाजावी लागते. पहिल्या आचेत तुकडे वितळून त्यांची थाळी होते. ती पुरती निवली की मातीच्या साच्यावर ठेवून पुन्हा भाजायची, मग ती वाकून दिव्याचा आकार घेते. पण पहिली थाळी निवत असतानाच चुड्याची बातमी पाटलांच्या कानी गेली. विधवेची काच देवीपुढं? गाव भट्टीवर चालून आला. वारा लागला तर काच तडकेल म्हणून हैबती विनवत राहिला. त्याला ढकलून त्यांनी दार उघडलं आणि थाळी तडकली. मग ती शहाणी माणसं चंद्राऊचे तुकडे वेचायला बसली. सगळीच काच हिरवी, एकालाही एक तुकडा ओळखता येईना. सांगायची लाज वाटते, पण ते आमचेच पूर्वज.

हैबती भांडला नाही. तुकडे गोळा करून त्यानं पुन्हा भट्टी लावली. आणि असं म्हणतात, की ती भट्टी निवेचना. लाकडांची राख झाली, तरी दार तापलेलंच. नवरात्र तोंडावर आलं. नारळ फोडून झाले, अंगारे लावून झाले. शेवटी पाटलांनी हैबतीलाच उपाय विचारला.

"मला काय इचारता," तो म्हणाला. "जिची काच काढाया आला हुता, तिला इचारा."

पाटील चंद्राऊच्या दारात गेले. पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि खाली मान घालून उभे राहिले. ती उठली आणि भट्टीकडे निघाली. असं म्हणतात, तिनं हात लावला आणि दार गार झालं. आत थाळी अखंड होती. हैबतीनं ती साच्यावर ठेवून पुन्हा भाजली आणि दिवा झाला.

त्याला आजही हैबतीचा दिवा म्हणतात. नवरात्रात तो गावातली एखादी विधवा बाई लावते. तोवर पाटलांच्या घरचा कर्ता माणूस देवळाबाहेर थांबतो. त्याला कुणी अडवलेलं नाही. विचारलं तर तो म्हणतो, आत जायला पाय उचलत नाही.