पाचोळ्याची भिक्षा

एकदा एका वृद्ध वैद्यराजांनी आपल्या औषधी बागेचा कारभार निरंजन नावाच्या तरुण शिष्यावर सोपवला. निरंजन मोठा कामसू. अंगण असे लख्ख झाडायचा, की शोधून काडी मिळू नये. जमलेला पाचोळा तिथेच पेटवून द्यायचा. भाजीची देठे, देवाचे निर्माल्य, काढा गाळून उरलेला ओला चोथा मात्र मोठ्या भक्तिभावाने परसातल्या खतखड्ड्यात नेऊन टाकायचा. सकस ते खड्ड्याला आणि निरुपयोगी ते आगीला, असा त्याचा सरळ न्याय होता.

हाच न्याय त्याने माणसांनाही लावला. औषधे कुटायला भिवाबा नावाचे जुने सेवक होते. त्यांचा हात मंद, बोलणे त्याहून मंद. तरुण शिष्यांची चार कामे उरकत, तोवर भिवाबांची सुंठ खलातच असे.

"गुरुजी, भिवाबांना आता गावी पाठवावे. त्यांच्यापायी सगळे खोळंबतात," निरंजन म्हणाला.

"पाहू," गुरुजी म्हणाले.

अशा गोष्टी कानावर जायच्या राहतात थोड्याच! भिवाबांनी मुकाट्याने गाठोडे बांधायला घेतले. गावी त्यांचे कोणीच उरले नव्हते.

त्याच सुमारास खड्ड्याला असा वास सुटला, की रोगी नाकाला पदर लावून येऊ लागले. उकरून पाहिले तर खत कुठले, नुसता काळा चिखल आणि अळ्या. निरंजन ओशाळून म्हणाला, "एवढे चांगलेचुंगले घातले, तरी हे असे झाले."

वैद्यराजांनी खांद्यावर गोणपाट टाकले आणि ते शेजाऱ्यांच्या दारी निघाले. ज्यांच्यापुढे सारे गाव हात जोडी, ते दारोदार उभे राहून म्हणत होते, "माई, अंगणातला पाचोळा वाढा." मागे चालणाऱ्या निरंजनाला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. बायका हसल्या, पण गोणपाट भरले.

गुरुजींनी तो पाचोळा स्वतःच्या हातांनी चिखलात कालवला. वास हळूहळू ओसरला. पुढे एके सकाळी त्यांनी निरंजनाचा हात धरून खड्ड्यातल्या ढिगात घातला. आत छान ऊब होती.

"ओल्यात कस असतो, बाबा, पण धीर नसतो," गुरुजी म्हणाले. "ते एकटे पडले की गच्च बसते, आत वारा कोंडतो आणि सगळे नासते. पाचोळा वाऱ्याला वाट ठेवतो. आता नुसता पाचोळाच घालशील, तर वर्ष गेले तरी तो पाचोळाच राहील, हेही खरे. दोघांनी एकमेकांना सांभाळले, तरच खत होते. परवा काढा करपला, तेव्हा तुम्ही पोरे एकमेकांच्या अंगावर धावलात. मध्ये येऊन कोण बसले होते रे?"

निरंजनाला आठवले. भिवाबा खल घेऊन सावकाश सगळ्यांच्या मध्ये बसले होते, आणि त्या संथ ठोक्यांत भांडण कधी निवले ते कोणाला कळलेही नव्हते. गुरुजींविषयी त्याचा ऊर आदराने भरून आला. ही गोष्ट ते त्याला रागावूनही सांगू शकले असते. त्यांनी त्यासाठी दारोदार भिक्षा मागितली.

तो तडक भिवाबांच्या खोलीकडे गेला. गाठोडे उंबऱ्याशी तयार होते.

"भिवाबा, माझे चुकले. उद्यापासून तुमचा खल माझ्या शेजारी मांडा. मला तुमच्यासारखे सावकाश कुटायला शिकवा."

भिवाबांनी गाठोडे त्याच्याकडे सरकवले. म्हणाले, "गाठ लई घट्ट बसलीय. सोडू लाग."