मागं कोण राहिलं?

फार वर्षांपूर्वी, कांदळपाड्याच्या खाडीवर अजून होडी नव्हती तेव्हा, तिथं मथी नावाची पोर होती. तिचा बाप रावजी लग्नांत ढोल वाजवायचा आणि आई सगुणा त्याच्यासोबत गायला जायची. माणसं वाईट नव्हती. घरात एक पोर आहे, हेच त्यांच्या ध्यानात राहत नसे. चार-चार दिवस चूल थंड. मग मथी ओहोटीला चिखलात उतरे आणि तिसऱ्या, त्या बारक्या शिंपल्या, वेचून पोट भरी. कुठला चिखल पाय धरतो, पाणी भरतीला फिरण्याआधी खेकडे बिळं कशी बुजवतात, हे तिला चिखलानंच शिकवलं, असं म्हणतात.

तेव्हा पल्याड जायचं तर ओहोटीला खाडीतून चालतच जावं लागे. भरती-ओहोटीची वेळ धाकू तांडेल तिथीवरून सांगे आणि गाव त्याचा शब्द मानी. एकदा चाळीस माणसांचं वऱ्हाड पल्याड निघालं. पुढे धाकू आणि रावजीचा ढोल, मागं सगुणा. मथीला न्यायचं कोणालाच सुचलं नाही. आणि धाकूनं अमावास्येपासून दिवस मोजले खरे, पण त्या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस आली होती, ते तो विसरला. त्याची मोजणी एक तिथी पुढे गेली, म्हणून पाणी त्यानं सांगितलेल्या वेळेच्या दोन घटका आधीच फिरणार होतं.

काठाशी तिसऱ्या वेचणाऱ्या मथीला दिसलं, खेकडे बिळं बुजवताहेत आणि वऱ्हाड अजून खाडीच्या मधोमध. ती धावत सुटली.

"पाणी फिरलं, तांडेलकाका. माझ्या मागनं या."

"गप बस गं," रावजी खेकसला. "मोठ्या माणसांना शिकवतेस?"

धाकूनं खाली पाहिलं. एकही बीळ उघडं नव्हतं. "पोर म्हणते तसं करा," तो म्हणाला.

पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. असं म्हणतात, मथीच्या पुढे एक बगळा चालत होता आणि तो पाय टाकी तिथं चिखल सारवलेल्या अंगणासारखा घट्ट होई. पल्याडच्या काठावरच्या झाडांच्या फांद्या हाताशी आल्या तशी मथी वळली.

"मागं कोण राहिलं?"

सगळ्यांनी आपापलं माणूस चाचपलं. रावजीनं ढोल चाचपला. सगुणा नव्हती.

ती मागं कमरेपर्यंत रुतली होती आणि पाणी छातीला लागलं होतं. मथी एकटीच परत गेली.

"पाय ओढू नको, आये. पाण्यावर आडवी हो."

सगुणा आडवी झाली. चिखलानं हळूहळू पाय सोडले आणि मथीनं तिला केसांना धरून काठाला आणलं.

"तुला हे कोणी शिकवलं गं?" सगुणानं विचारलं.

मथीनं जरा विचार केला. "मी एकटीच असायची," ती म्हणाली.

त्या लग्नात सगुणाच्या तोंडून गाणं फुटलं नाही, असं म्हणतात.

पुढे चाळीस वर्षं मथीनंच माणसं पार नेली आणि एकही बुडालं नाही. आईबापांनी वाऱ्यावर सोडली म्हणून ती एवढी हुशार निघाली, असं लोक कौतुकानं सांगतात. सांगोत बापडे. ती हुशार निघाली हे खरंच, पण उपाशी पोटानं काढलेले ते दिवस आठवले की मला त्या कौतुकाचा राग येतो.

आता तिथं इंजिनाची होडी आहे. तरी दोर सोडण्याआधी होडीवाला मथीचं नाव घेऊन तीनदा विचारतो, "मागं कोण राहिलं?" मग आईबाप आपापल्या पोराचा हात धरून त्याचं नाव मोठ्यानं सांगतात. ज्याचं नाव सांगायला कोणी नसतं, त्याला होडीवाला जवळ बोलावतो, नाव विचारतो आणि स्वतः मोठ्यानं पुकारतो. मगच होडी सुटते.