गुडघ्याखालची नावं

"मग वाऱ्याला पाप लागत नाही का?" मार्तंडानं विचारलं.

मठीच्या दारात बसलेल्या येसबुवांनी वर पाहिलं.

"वाऱ्याबद्दल विचारतोय मी, बुवा. एकोणीस माणसांची नावं पुसली त्यानं. आणि सरदाराच्या नावाची एक वेलांटी झिजली नाही!"

खिंडीच्या तोंडाशी एक मऊ, तांबूस खडक उभा होता. खाली नदीचं कोरडं पात्र. वैशाखात तिथून वारा उठायचा आणि वाळू घेऊन खिंडीत घुसायचा. खिंडीतले सगळेच खडक त्यानं तळाशी खाऊन बारीक केले होते. वरची डोकी तेवढी जड राहिली होती.

पस्तीस वर्षांपूर्वी खिंडीपलीकडे सरदारानं तलाव बांधायला घेतला. काम चालू असताना बांध खचला आणि एकोणीस मजूर मातीखाली गेले. तलाव पुरा झाला, तेव्हा या खडकावर लेख कोरला गेला. वर वीतभर अक्षरांत सरदाराचं नाव. अगदी खाली मजुरांची.

त्या दिवशी सकाळी सगुणाबाई आली होती. दर वैशाखात यायची. तिला वाचता येत नव्हतं. खडकाच्या पायाशी बसून ती एका नावाच्या खाचेतून बोट फिरवायची. नागू. तिचा नवरा.

यंदा बोटाला खाच लागली नाही.

ती दगड चाचपत राहिली... मग उघड्या हातानं तिनं दगडाला चापट मारली. पुन्हा मारली. तळहात सोलला तरी थांबली नाही.

ते पाहून मार्तंड धावत मठीत आला होता. शास्त्र्याच्या घरातला हा तरुण चार वर्षं बुवांपाशी शिकत होता. वाद घालण्यात त्याच्यापुढे कुणी टिकत नसे.

"ज्यांच्यापाशी काही नव्हतं, त्यांचीच नावं पुसायची? वारासुद्धा मोठ्यांच्याच बाजूचा?"

बुवा उठले. "चल."

खडकापाशी वारा चांगलाच सुटला होता. हाताला पदर गुंडाळून सगुणाबाई आडोशाला बसली होती.

"इथे उभा राहा," बुवा म्हणाले. "धोतर वर घे. वाळू कुठे लागते?"

"पोटऱ्यांना. सुया टोचल्यासारखी."

"तोंडाला?"

"तोंडाला... नुसता वारा."

"वाळू फार उंच नेता येत नाही त्याला. गुडघ्याएवढ्यावरच घासत जातो. सरदाराचं नाव कुठे आहे?"

मार्तंडानं मान वर केली. "डोक्याच्याही वर."

"मग वाऱ्यानं काही निवडलं का?"

मार्तंडानं धोतर खाली सोडलं. पण राग काही उतरेना.

"म्हणजे ज्यानं ती खाली कोरली, तो गाढव होता! दगडाचं काम करणाऱ्याला एवढं कळू नये?"

"कळत होतं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तो मी होतो."

मार्तंड एक पाऊल मागे सरला.

"मी पाथरवट होतो तेव्हा," बुवा म्हणाले. "कारभारी म्हणाला, मजुरांची नावं खाली घाल. तिथली अक्षरं टिकायची नाहीत, हे मला माहीत होतं. मी हो म्हणालो."

"का?"

"ऊन होतं. कारभारी खोळंबला होता. हो म्हणणं सोपं होतं."

मार्तंड सगुणाबाईकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं हे?"

"कोरनारे ह्येच, येवढं ठाव हुतं. माझं बोट धरून ह्येनीच दावलं, ह्यो नागू म्हनून." ती बुवांकडे बघत होती. "टिकनार न्हाई, ह्ये न्हाई सांगितलं."

बुवांनी मान खाली घातली.

चार वर्षं रोज सकाळी मार्तंडानं या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

"आणि तुम्ही मला शिकवता, सगळ्यांच्या ठायी एकच देव बघ!" त्याचा आवाज खिंडीत घुमला. "मी निघालो. आत्ताच."

"जा. पण त्या एकोणिसांतलं एक नाव सांगून जा. नागू सोडून."

मार्तंडानं खडकाच्या तळाकडे पाहिलं.

चार वर्षं तो याच खडकावरून पाण्याला जात होता. वरचा लेख त्याला तोंडपाठ होता. खालची नावं तेव्हा वाचता येत होती की नव्हती, तेही त्याला सांगता येईना. तो कधी वाकलाच नव्हता.

बुवा मठीत गेले. गोणपाटात गुंडाळलेली छिन्नी आणि हातोडा घेऊन आले.

मार्तंडानं ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली आणि तो सगुणाबाईसमोर जाऊन बसला.

"सगळी नावं येतात तुम्हाला?"

"येका बांधावर हुतो आमी. न्हाई येऊन कसं चालंल?"

"पहिलं कुठलं? नागू?"

सगुणाबाईनं थोडा विचार केला.

"आदी तुळशा घाल. त्येच्या मागं रडाया बी कुनी न्हवतं."

मार्तंडानं दगड रचले, त्यांवर चढला आणि सरदाराच्या नावाला लागूनच छिन्नी टेकवली. हाताला सवय नव्हती. तिसऱ्याच घावाला अंगठा ठेचला. अक्षर वाकडं आलं. त्यानं पुढचं धरलं.

दगड डगमगत होते. बुवा खाली बसले आणि दोन्ही हातांनी ते धरून राहिले. वाळू त्यांच्या तोंडावर येत होती.

उन्हं कलली, तेव्हा कुठे एक नाव पुरं झालं.

सगुणाबाईनं पाण्याचा तांब्या बुवांकडे दिला. बुवांनी तो वर धरला. मार्तंडानं घेतला नाही.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," तो खडकाकडे बघतच म्हणाला.

"करू नकोस," बुवा म्हणाले. "हात थांबेल."