राईतला रस्ता आणि धाकू गुरवाचा कौल

आंबेरखोलच्या देवराईतून पर्यटकांसाठी रस्ता काढायचं तालुक्याच्या साहेबांनी ठरवलं. राई तुटली की तिथला झरा आटणार आणि गावाची विहीर कोरडी पडणार, हे गावाला कळत होतं. पण लोकांचं मत घेतलं असं दिसायला हवं, म्हणून साहेबांनी राईतल्या देवळापुढे सभा भरवली. गळ्यात हार पडल्यावर त्यांनी विचारलं, "रस्ता डांबरी हवा की सिमेंटचा?"

"रस्ताच नको असेल तर?" यमुनाकाकी म्हणाली.

"काकी, विचारलंय तेवढंच सांगा. डांबरी की सिमेंटचा?"

तेव्हा देवळाचा गुरव धाकू उठला. "साहेब, राईतली काठी तोडायची तरी आम्ही देवाचा कौल घेतो. त्यालाही विचारू या."

"विचारा की. आम्ही सगळ्यांचं ऐकतो," साहेब ऐटीत म्हणाले.

धाकूने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "देवा, रस्ता नको असेल तर उजवं फूल दे. मुळीच नको असेल तर डावं दे."

साहेब भडकले. "हा कसला कौल? कुठलंही फूल पडलं तरी नकारच. याला काय विचारणं म्हणतात?"

"नाही म्हणत," धाकू म्हणाला. "मग आता तुम्हीही सभेला नीट विचारा."

हसू कोणाला आवरेना. रस्ता हवा की नको, हे साहेबांना विचारावंच लागलं. नको म्हणून सगळे हात वर गेले. त्यांत साहेबांच्या ड्रायव्हरचाही होता.