खोट नसलेला माठ

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. त्या गावात एक कुंभार राहायचा. हात मोठा कसबी, आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता. "माझ्या माठात खोट दाखवा आणि बदलून न्या," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

असं बोलावं का माणसाने? गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. तिने ते मनावर घेतलं.

तिने माठ नेला आणि चार दिवसांत काखेत मारून परत आणला. म्हणाली, "याचा आवाज बद्द येतो." कुंभाराने बदलून दिला. पुढच्या खेपेला, "यातलं पाणी फार गार होतं रे, दात शिवशिवतात." त्याच्या पुढच्या खेपेला तर, "हा माझ्यावर रुसल्यासारखा बसतो कोपऱ्यात."

दारी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? म्हणून कुंभार तिला कडुनिंबाखाली बसवायचा, गुळाचा खडा आणि पाणी द्यायचा. मग तक्रार सुरू व्हायची. मध्येच तिला लहानपणची विहीर आठवायची, गेलेला नवरा आठवायचा आणि माठ बाजूलाच राहायचा.

पण हे सगळं इतर गिऱ्हाइकं ऐकत होती. "इतक्यांदा परत येतोय म्हणजे माल कच्चा असणार," असं म्हणत ती शेजारच्या गावच्या कुंभाराकडे जाऊ लागली. घरात चूल पेटायची पंचाईत झाली.

तेव्हा कुंभार हट्टाला पेटला. त्याने माती पुन्हा पुन्हा चाळली, मन लावून तुडवली, भट्टीजवळून हलला नाही. असा माठ झाला, की तो स्वतःच त्याच्याकडे बघत बसला.

म्हातारी आली. तिने माठ फिरवून पाहिला, बोटाने वाजवला, हुंगला, त्यातलं पाणी पिऊन पाहिलं. जमलेले लोक माना उंच करून बघत होते.

"सांगा आजी, काय खोट आहे?" कुंभाराने विचारलं.

"काही नाही रे बाबा. चांगला आहे."

लोक खूश झाले. असाच माठ आम्हालाही दे म्हणू लागले. म्हातारी मात्र जागची उठेना. माठावर नसलेली धूळ ती पदराने पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता मी काय निमित्त काढून यायचं?"

इतके दिवस ही बाई आपल्याकडे कशासाठी येत होती, ते कुंभाराला आत्ता कळलं. त्याने आपल्या हातून झालेल्या त्या सगळ्यात चांगल्या माठाकडे एकदा पाहिलं.

"द्या बघू इकडे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "काठ जरा वाकडा वाटतोय मला. तुमच्या नजरेतून सुटला, आजी. आज न्या, पण बाजाराच्या दिवशी परत आणा. बदलून देतो."

"तरी मला वाटलंच होतं," म्हातारी म्हणाली आणि माठ काखेत मारून हसत हसत घरी निघाली.

दोघं-तिघं गिऱ्हाइकं तिथूनच माघारी फिरली. कुंभाराने त्यांना हाक मारली नाही. तो बाजाराच्या दिवसासाठी गूळ आहे का, ते बघायला आत गेला.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याचं कशानेच समाधान होत नाही, त्याला बहुधा वस्तू नको असते, माणूस हवं असतं.