राजाच्या कमरेचं माप

"अंगरखा नदीपलीकडे शिवायचा, पण माझ्या कमरेचं माप नदीपलीकडे जाता कामा नये!" चंदनपूरचे राजे उदयभान गरजले आणि केरबाशेट जवंजाळांच्या हातातली टोपी खालीच पडली.

केरबाशेट शिंप्यांच्या मोठ्या पेढीचे मालक. एक दुकान चंदनपुरात, दुसरं नदीपलीकडच्या कनकपुरात. मखमल बेतावी ती इथे आणि जरीकाम करावं ते तिथे, अशी पेढीची ख्याती. राजकन्येचं लग्न महिन्यावर आलेलं, राजेसाहेबांना जरीचाच अंगरखा हवा! पण कनकपूरचे राजे कर्णसेन म्हणजे त्यांचे सख्खे साडू, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कर्णसेन छडीसारखे सडसडीत. आपले राजेसाहेब मात्र दर दिवाळीला कंबरपट्ट्याला एक कडी जोडून घेणारे!

"त्या काटकुळ्याला माझं माप कळलं, तर भर पंगतीत सांगत सुटेल! माप नदी ओलांडून गेलं, तर तुझ्या दुकानाला कुलूप!"

"पण महाराज, मापाशिवाय अंगरखा..."

"ते तू बघ! उद्या दुपारी उत्तर हवं."

केरबाशेट दुकानात आले ते मटकन बसलेच. समोर भिवरा कापड बेतत होती. वीस वर्षं झाली होती तिला पेढीत. हातातली कात्री आणि तोंडातली जीभ, दोन्ही सारख्याच धारदार. शेटजींनी सगळं रडगाणं गायलं. तिनं हातातली बाही पुरी कापली आणि मगच मान वर केली.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर."

"अगं, जाऊन बोलणार काय?"

"ते तिथे गेल्यावर बघू. आज रडून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला होता. भिवरेनं मुजरा केला आणि सरळ सांगून टाकलं, "महाराज, माप नदीपलीकडे जाणार!"

केरबाशेटांनी डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालीस?" राजेसाहेब ताडकन उठले.

"माप जाणार, पण एकटं जाणार नाही. त्याच्यासोबत आमच्या पेढीचा नियम जाणार. दुकान कुठल्याही राज्यात असो, नियम एकच! जेवढं कपड्याला लागतं तेवढंच माप घ्यायचं. गिऱ्हाइकाचं नाव त्यावर लिहायचं नाही, नुसती खूण करायची; ती कुणाची ते कारागिरालाच ठाऊक. अंगरखा झाला की मापाची चिठ्ठी जाळायची. मधल्या काळात ते कुणालाही सांगायचं नाही. पहिल्या दिवशी कात्री हातात घेऊनच आम्ही सगळे तशी शपथ घेतो."

"आणि तिकडे कुणी ती मोडली तर?"

"तर जाब इथे, आमच्या मालकांनी द्यायचा."

केरबाशेटांनी मिटलेले डोळे खाडकन उघडले आणि कशीबशी मान डोलावली.

राजेसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "नियम लिहायला काय जातंय, बाई! तिथला तुमचा कारागीर कोण?"

"सखोबा."

"तर तो सखोबा राहतो कर्णसेनाच्या राज्यात. कर्णसेनानं डोळे वटारले की पोपटासारखा बोलेल!"

"नाही बोलणार!"

"कशावरून?"

शब्दाला पुरावा कुठून आणायचा? भिवरेनं राजेसाहेबांकडे पाहिलं आणि तिला एकदम सुचलं.

"महाराज, कर्णसेन महाराजांचा मखमली डगला सध्या मीच बेततेय. त्यांचं खांद्यापासून घोट्यापर्यंतचं माप मला तोंडपाठ आहे."

राजेसाहेब सिंहासनाच्या अगदी कडेला सरकले. डोळे असे चमकले की विचारू नका!

"खरं? सांग, सांग! छाती किती? आत कापूस भरतो ना तो? मला पहिल्यापासून संशय आहे!"

"ते मी सांगणार नाही, महाराज."

"अगं, मी राजा आहे!"

"आहात."

"शंभर मोहरा देतो!"

"नकोत."

"बरं, आकडा राहू दे. कापूस असेल तर नुसती मान हलव!"

भिवरा खांबासारखी ताठ उभी राहिली. मानेवर बसलेली माशीसुद्धा तिनं हाकलली नाही!

"कोठडीत टाकीन!" राजेसाहेब ओरडले. दोन शिपाई पुढे आले. भिवरेनं दोन्ही हात पुढे केले.

"टाका. माप माझ्यासोबत कोठडीत येईल. तिथे मला त्याची सोबत होईल."

शिपाई राजेसाहेबांकडे बघू लागले.

"महाराज," भिवरा हळूच म्हणाली, "मी तुमच्या राज्यात राहते, तुमचं मीठ खाते. तुम्ही लालूच दाखवलीत, धाकही दाखवलात. तरी तुमच्या साडूंचं माप माझ्या तोंडून निघालं का? सखोबानं हीच शपथ घेतलीय. कर्णसेन महाराजांनी विचारलं तर त्यांनाही असंच हात हलवत परत जावं लागेल!"

आधी राजेसाहेबांच्या मिशा हलल्या, मग गाल, आणि मग पोट असं गदगदा हलू लागलं की कंबरपट्ट्याची कडी टण्णकन तुटून थेट प्रधानजींच्या पगडीवर जाऊन पडली!

"जिंकलीस, बाई! जाऊ दे माझं माप नदीपलीकडे! केरबाशेट, तुमच्या पेढीचं गाठोडं यापुढे सरहद्दीच्या चौकीवर कुणी उघडणार नाही. आणि भिवरे, तुला नदीकाठची जमीन इनाम! बोल, किती हात लांब, किती हात रुंद?"

भिवरेनं पदर खोचला.

"शंभर हात लांब आणि ऐंशी हात रुंद, महाराज! आणि हे माप तेवढं दवंडी पिटून सांगा, दोन्ही राज्यांत!"

राजेसाहेब पुन्हा खदखदून हसले आणि त्यांनी दवंडीवाल्याला हाक मारली.